वाडा वाचेल हो, पण मंगळवारी कुलूप कोण उघडणार?

गेले तीन महिने आमच्या गावात एकच विषय चालू आहे, सरदारांच्या वाड्याचं काय करायचं. (गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तालुक्याच्या कुठल्याही गावाला ते आपलंच वाटेल.) वारसदारांपैकी दोघं पुण्यात, एक अमेरिकेत, आणि तिघांनाही आता गळक्या कौलांचा आणि कोर्टाच्या तारखांचा कंटाळा आलाय म्हणून ते वाडा पालिकेला द्यायला तयार झालेत, आणि कुणीतरी सुचवलं की मग तिथं कलादालन करू. झालं, भडका उडाला. एक गट म्हणतो हा आपला इतिहास, इथं ढाल-तलवारी लावा, मॉडर्न आर्टच्या नावाखाली रंगाचे फराटे कसले मारताय. दुसरा म्हणतो गावाला दिवसाआड पाणी येतं आणि ह्यांना चित्रं टांगायचीत. तिसरा गट जरा धोरणी, आवाज न चढवता म्हणतो की एखाद्या हॉटेलवाल्याला द्या, पालिकेच्या तिजोरीत चार पैसे पडतील. मी तिघांचंही ऐकलं, सकाळी टपरीवर आणि रात्री व्हॉट्सॲपवर, आणि मला असं वाटायला लागलंय की सगळे नुसते भिंतींवरून भांडतायत. त्या भिंतींच्या आत काय असणार, कुणाचं असणार, ह्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. वाड्याचं कलादालन व्हावं, माझा पाठिंबा आहे. पण आधी संग्रह, मग त्याची काळजी घेणारा पगारी माणूस, आणि मग रंगरंगोटी, ह्या क्रमानं. आपल्याकडे हे बरोब्बर उलटं होतं. आधी टेंडर निघतं, खांबांना पॉलिश होतं, दिवे लागतात, फीत कापली जाते आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे, भिंतीवर काय लावायचं? उद्घाटन रविवारी होतं कारण पाहुण्यांना रविवारी सवड असते. सोमवारी म्युझियमं बंद असतात. माझा प्रश्न मंगळवारचा आहे. त्याचं उत्तर असेल तर वाडा घ्या, नसेल तर कौलं तेवढी शाकारा आणि आहे तसा राहू द्या.

हे मी हवेत बोलत नाहीये. नोकरीनिमित्त काही वर्षं बंगळुरूला होतो. तिथं पॅलेस रोडवर माणिक्यवेलू मॅन्शन आहे, खाणींच्या धंद्यात पैसा केलेल्या राजा माणिक्यवेलू मुदलियार ह्यांचा जुना प्रशस्त बंगला. तो २००९ साली केंद्र सरकारच्या, दिल्लीत मुख्य ठाणं असलेल्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टचं बंगळुरू केंद्र म्हणून उघडला. मी पहिल्यांदा गेलो तो चित्रांसाठी नाही, खोटं कशाला बोलू, एका रविवारी पाऊस लागला आणि वीस रुपयांत दोन तास कोरडं बसता येतं असं कळलं म्हणून. आत गेल्यावर बंगल्याच्या खोल्या खोल्यांसारख्याच ठेवलेल्या दिसल्या, म्हणजे एका दालनातून दुसऱ्यात जाताना आपण कुणाच्या तरी घरात फिरतोय असंच वाटत राहतं, आणि मोठी चित्रं, मोठी प्रदर्शनं ह्यांच्यासाठी मागं वेगळी नवी इमारत जोडलीय. आवारातली जुनी झाडं तशीच. घराला घर राहू दिलं आणि घराला जे पेलवणार नाही ते शेजारी नवीन बांधलं. हा शहाणपणा मला फार आवडला. आपल्याकडं वाडा 'आधुनिक' करायचा म्हणजे माजघराची भिंत पाडून हॉल करायचा, वर पीओपीचं सीलिंग आणि खाली चकचकीत टाइल्स.

पण माणिक्यवेलू मॅन्शन चाललं ते नुसत्या शहाण्या आर्किटेक्टमुळं नाही. त्याच्या मागं दिल्लीचा तयार संग्रह उभा होता. आणि दिल्लीचा संग्रह तरी कुठं आहे? तोही घरातच. इंडिया गेटजवळचं जयपूर हाऊस, १९३६ साली जयपूरच्या महाराजांनी दिल्लीत उतरायला बांधलेलं. १९५४ मध्ये तिथं गॅलरी उघडली तेव्हा अमृता शेरगिलची चित्रं सरकारकडे आधीच आलेली होती, आणि ती लावायला पहिला क्युरेटर म्हणून आणला तो हरमान गोएट्झ नावाचा जर्मन पंडित, जो त्याआधी बडोद्याच्या म्युझियमचं काम बघत होता. म्हणजे सयाजीरावांनी उभ्या केलेल्या म्युझियममधून आलेला माणूस. चित्रं आधी, जाणकार माणूस सोबत, आणि मग राजाचं घर. क्रम बघा.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या, बाहेर जायला नको. साताऱ्याच्या औंधचं भवानी संग्रहालय. भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे जेमतेम बहात्तर गावांच्या संस्थानाचे राजे, स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचं वेड (ते वेड त्यांनी अख्ख्या संस्थानाला लावलं), आणि चित्रं-मूर्ती जमवायचा नाद. रविवर्म्याची सैरंध्री तिथं आहे, आणि हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पसुद्धा, हो, तोच जगभर गाजलेला हेन्री मूर, यमाईच्या डोंगराच्या उतारावर. आता गंमत बघा, पंतांकडे राहता वाडा होता. मनात आणलं असतं तर वाड्यातच दोन दालनं मोकळी करून 'राजवाड्यातलं कलादालन' अशी पाटी लावली असती. त्यांनी तसं केलं नाही. संग्रह मोठा झाला तेव्हा त्यासाठी म्हणून वेगळी इमारत बांधली, १९३८ मध्ये. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९३९ ला, ह्याच राजानं राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. हे दोन निर्णय एकाच डोक्यातून निघाले असं मला नेहमी वाटतं. आपलं घर वेगळं आणि लोकांची वस्तू वेगळी, हा फरक त्या माणसाला कळत होता.

पुण्यातलं केळकर म्युझियम बघा. दिनकर केळकर, कविता करायचे 'अज्ञातवासी' नावानं, आणि आयुष्यभर गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, चौकटी गोळा करायचे. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रह केला, राजा त्याचं नाव, आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. संग्रह वीस हजारांच्या घरात आणि मांडायला जागा त्यातल्या थोडक्याच वस्तूंना पुरेल एवढी. जागेची बोंब आहे, दाटी आहे, जिने अरुंद, तरी लोक येतात, कारण आत बघायला आहे. किंवा कोल्हापूरला राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं संग्रहालय. सिनेमातला नट, पण हाताला रंग लागलेला, त्यांनी स्वतःचं राहतं घर चित्रांसकट दिलं. ते काही सरदारांचा वाडा नव्हे, साधा बंगला. पण तिथं गेलं की एका माणसाचा हात दिसतो. मग मी विचारतो, आमच्या वाड्यात कुणाचा हात दिसणार आहे?

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि मी ते हलके करून मांडणार नाही. सगळ्यात जड मुद्दा पाण्याचा. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावानं वाड्यावर कोटभर रुपये का घालावेत? ह्याला 'कला हा आत्म्याचा आहार' वगैरे उत्तर देणाऱ्यांना मी हात जोडतो, कारण हंडा घेऊन रांगेत उभ्या बाईला ते ऐकवायची माझी छाती नाही. मुद्दा खरा आहे. पण हा मुद्दा मांडणारे एक गोष्ट धरून चालतात की वाड्यावर खर्च झाला नाही तर तो पैसा नळाला जाईल. आजवर गेला का? गावाच्या चार वेशींवर चार कमानी झाल्या, तेव्हा कुणी पाण्याचं नाव काढलं नव्हतं. हेरिटेजचा निधी आणि पाण्याचा निधी वेगवेगळ्या खात्यांतून येतो, एकाचा दुसऱ्याला वळवता येत नाही, हे आमच्या माजी नगरसेवकांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. मला पाणीवाल्यांच्या म्हणण्यातलं खरं सापडतं ते वेगळ्या ठिकाणी, ते म्हणजे कोटभर एकरकमी मिळवून आणणं सोपं असतं पण दरवर्षीचे पाच-सहा लाख पालिकेच्या स्वतःच्या खिशातून जायचे असतात, आणि ते खरोखरच नळपट्टी-घरपट्टीतून जातात. म्हणून तो आकडा आधी कागदावर लिहा. रखवालदार किती, लाइटबिल किती, वाळवीची फवारणी किती. तो बघून गाव नको म्हणालं तर मी निमूट मान्य करीन.

दुसरा मुद्दा लाकडाचा. वाडा म्हणजे सागवान, माती, चुना, आणि मधे उघडा चौक. पावसाळ्यात भिंत घाम सोडते. कागदावरच्या जलरंगाला ह्याच्यासारखा वैरी नाही. मी स्वतः एका गावी (हेही नाव नको) अशा जुन्या इमारतीतल्या 'कलादालनात' ऑगस्टमध्ये गेलो होतो. एका निसर्गचित्रात आभाळाच्या भागावर पांढरे-करडे ठिपके होते, मला वाटलं पक्षी काढलेत, छान आहेत. जवळ जाऊन बघितलं तर बुरशी. काचेला आतल्या बाजूनं दव धरलेलं. रखवालदार म्हणाला, "फ्यान लावतो की आम्ही, पण लाइट असली तर." ह्यावर आमच्या कमिटीचं उत्तर तयार आहे, एसी लावू. एसी लावला की कलादालन झालं अशी एक समजूत आहे. आणि जुन्या घरात धडपणे वायरिंग न बदलता एसी लावणं म्हणजे काय हे रिओमध्ये दिसलं. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय तिथल्या राजघराण्याच्या जुन्या महालात होतं. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ते जळालं, त्याच वर्षी त्याची दोनशे वर्षं साजरी झाली होती. बंबवाले आले तर जवळच्या हायड्रंटला पाणी नाही, टँकर मागवावे लागले. नंतर तपासात आगीचं मूळ एका एसीपाशी निघालं. वर्षानुवर्षं मेंटेनन्सचे पैसे कापत आणलेले. वाढदिवसाला पैसे होते, वायरीला नव्हते. ओळखीचं वाटतंय ना?

ह्याचा अर्थ वाड्यात काहीच ठेवू नये असा नाही. वाड्याला पेलवेल ते ठेवा. तैलचित्र, दगड, पितळ, लाकूड, लाखकाम, कापडाचे नमुने थोडे दिवस आलटून-पालटून. कागदावरची नाजूक कामं असतील तर मागं परसात एक छोटी पक्की खोली बांधा, जसं माणिक्यवेलूत शेजारी नवीन बांधलं तसं, आणि ती कायम कोरडी ठेवा. अख्खा वाडा गार करायची गरज नाही, एक खोली कोरडी ठेवायची आहे. आणि जुनी इमारत टिकते ती वापरात असली की. पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या, दुसऱ्या बाजीरावानं १८०७ साली बांधला, पेशवाई बुडल्यावर तिथं संस्कृत पाठशाळा बसली, १८७९ च्या आगीत वाड्याचं मोठं नुकसान झालं, तरी पुढं तिथं शाळा, पोस्ट, पालिकेची कचेरी असं काय काय नांदलं. कारकुनांनी सुरूच्या नक्षीच्या खांबांना टेकून डबे खाल्ले असतील, पण आज तो वाडा उभा आहे. त्याच वर्षीच्या आगीत बुधवारवाडाही गेला, त्याचं आता नावच तेवढं शिल्लक.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला कारण तो माझ्या घरातला आहे. वस्तीतला एक तरुण पोरगा मीटिंगमध्ये उठून म्हणाला, हा वाडा कुणाच्या घामातून झाला ते आधी सांगा, मग त्याला 'आपला वारसा' म्हणा. सभागृह गप्प झालं. माझी आजी त्या वाड्यात दळण-कांडणाला जायची. मागच्या दारानं. पुढच्या दिंडीदरवाज्यातून ती उभ्या आयुष्यात एकदाही आत गेली नाही, आणि तिला त्याचं काही वाटतही नसावं, आम्हाला गोष्टी सांगताना ती वाड्याच्या जात्याचं कौतुक करायची, "हलकं चालायचं गं बाई." तर त्या पोराला काय उत्तर देणार? 'कशाला जुनं उकरायचं' हे उत्तर नाही. इंग्लंडमध्ये हेच चाललंय. जुन्या जहागिरदारांच्या कोठ्या सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टनं २०२० मध्ये एक अहवाल काढला, की आमच्या ताब्यातल्या ९३ ठिकाणांचा वसाहतींशी किंवा गुलामांच्या व्यापाराशी संबंध आहे. केवढा गदारोळ झाला! लोक म्हणाले, आम्ही रविवारी बाग बघायला, केक खायला येतो, आम्हाला हे कशाला सांगता. म्हणजे भिंत बघायची पण भिंत कुणाच्या पैशानं उठली ते ऐकायचं नाही.

पण मला वाटतं तो पोरगा ज्या कारणानं विरोध करतोय नेमकं तेच कारण कलादालनाच्या बाजूनं जातं. पॅरिसचा लूव्र हा राजाचा महाल, तो लोकांसाठी म्युझियम म्हणून उघडला १० ऑगस्ट १७९३ ला. ही तारीख मुहूर्त बघून काढलेली नव्हती, बरोबर वर्षापूर्वी त्याच दिवशी राजाची सत्ता उलथली होती. ज्यांना दारात उभं करत नव्हते ते आत शिरले आणि राजाची चित्रं 'आमची' म्हणून बघायला लागले. वाडा पाडून टाकला असता तर हे झालं नसतं. हॉटेल केलं तरी होणार नाही, कारण मग पुढच्या दारातून रिझर्व्हेशनवाला जाईल आणि आमच्या पोरी पुन्हा मागच्या दारानं, ह्या वेळी हाउसकीपिंगला. फक्त एक करा, आत जातं ठेवा, पागा दाखवा, आणि तिथं कोण काम करायचं त्यांची नावं मिळतील तेवढी लिहा. वतनाचे कागद असतात, हजेरीच्या वह्या असतात, म्हाताऱ्या माणसांना आठवत असतं. ढाल-तलवारवाल्यांना राग येईल, येऊ दे. त्यांना एक दालन द्या की, मी कुठं नाही म्हणतोय.

हॉटेलवाल्यांचा मुद्दा मात्र मी वरच्या एका वाक्यात उडवला तसा उडवण्यासारखा नाही. खाजगी हॉटेलांनी कितीतरी पडके महाल वाचवलेत, सरकारनं वाचवले त्यापेक्षा जास्तच असतील. पण ह्यालाही आपल्याकडे एक वेगळं उदाहरण आहे आणि ते बघायला मोती तलावाच्या काठी जावं लागतं. सावंतवाडीचा राजवाडा. गंजिफा नावाचे गोल पत्ते, दशावतारी संच १२० पानांचा, दहा अवतारांची बारा-बारा पानं. छापील पत्ते आले आणि ही कला मरायला टेकली. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी पुंडलिक चितारी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडून ती शिकून घेतली. राजाराणी चिताऱ्याकडं शिकायला बसले, हे चित्र डोळ्यांपुढं आणा. आणि मग राजवाड्यातच, दरबार हॉलमध्ये, कारागीर बसवले.

मी गेलो होतो तेव्हा तीन-चार जण खाली मांडी घालून, पुढ्यात बुटकं डेस्क, आणि हातात तळहातापेक्षा लहान चकती. एक बाई मत्स्यावताराच्या पानावर काम करत होत्या. ब्रशला केस असतील मोजून आठ-दहा. डावा हात चकती फिरवायचा, उजवा जवळजवळ स्थिर, म्हणजे रेघ ब्रशनं नाही तर पत्त्यानं काढल्यासारखी. मी बराच वेळ उभा राहिलो तर त्या वर न बघता म्हणाल्या, "उजेड अडलो." मालवणीत. मी बाजूला झालो. वर झुंबरं, भिंतीवर राजघराण्याचे फोटो, आणि त्या दरबारात मान वर न करता एक कारागीर पाहुण्याला सांगतेय की उजेडातून बाजूला हो! ह्याच राजवाड्यात आता पाहुण्यांना राहायच्या खोल्याही आहेत, म्हणजे हॉटेलवाल्यांचंही समाधान. पैसा खोल्यांतून येऊ दे, पण दरबारात काम चालू राहू दे. हे जमतं. फक्त कुणाला तरी पन्नास वर्षं त्याच्या मागं लागावं लागतं, टेंडरचा कालावधी अठरा महिन्यांचा असतो.

आणि आता ज्या शब्दावरून कुणीच भांडत नाहीये तो शब्द, प्रादेशिक. प्रस्तावात लिहिलंय 'प्रादेशिक कलादालन'. म्हणजे काय? प्रदेशात असलेलं, की प्रदेशाचं असलेलं? मुंबईत कावसजी जहांगीर हॉलमध्ये नॅशनल गॅलरीचं केंद्र आहे, १९११ चा सभागृहवजा हॉल, १९९६ पासून गॅलरी. तिथं फेब्रुवारी २०१९ मध्ये चित्रकार प्रभाकर बरवेंच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की मुंबई आणि बंगळुरू केंद्रांच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्यात, इथं काय दाखवायचं ते आता दिल्लीत ठरणार, आणि इथल्या चित्रकारांना जागा फार थोडी उरणार. बोलताना त्यांना मधेच अडवलं गेलं, विषयाला धरून बोला म्हणून. आता ते जे म्हणाले त्यावर दोन मतं असू शकतात, राष्ट्रीय गॅलरीनं आपला संग्रह लोकांपुढं आणायला हवाच, तळघरात ठेवून काय उपयोग, हा मुद्दा मला पटतो. आणि स्थानिक समित्या म्हणजे हमखास कंपूशाही, आपल्याच शिष्यांची प्रदर्शनं, हेही मी बघितलंय. पण बरवेंच्या प्रदर्शनात हा विषय 'विषयाबाहेरचा' कसा होतो? नागावहून मुंबईला आलेल्या त्या चित्रकारासारखा पुढचा कुणी आला तर त्याला भिंत कोण देणार, ह्यापेक्षा विषयाला धरून दुसरं काय असतं?

आमच्या कमिटीच्या यादीत आत्ता काय आहे ते मी बघितलं. कलादालन सल्लागार मंडळ, अकरा जण. त्यात तीन राजकीय, दोन व्यापारी, एक डॉक्टर, एक निवृत्त तहसीलदार, सरदारांचे एक नातेवाईक, एक बिल्डर, एक पत्रकार आणि 'एक कलाक्षेत्रातील व्यक्ती', जिचं नाव अजून रिकामं आहे. अकरातला एक, आणि तोही रिकामा.

ती रिकामी जागा भरायला माझ्याकडे नाव होतं, पण सर तीन वर्षांपूर्वी गेले. हायस्कूलला आमचे ड्रॉइंगचे सर. पस्तीस वर्षं आम्हा पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, स्थिरचित्रासाठी घरून तांब्या आणि वांगी घेऊन यायचे आणि परीक्षा झाली की वांगी परत न्यायचे. दर रविवारी सायकलवर बाहेर पडून गावाभोवतालची जलरंगातली चित्रं काढायचे. बाजारतळ, बेंदराचे बैल, धरणाखाली गेलेला घाट, जुना पूल, आणि हा वाडा, चारी ऋतूंत, चारी बाजूंनी. एकदाही प्रदर्शन झालं नाही. परवा त्यांच्या मुलाकडं गेलो तर म्हणाला, ट्रंकभर आहेत, पलंगाखाली, आईला आता ती ट्रंक अडचण होते, रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही, तुम्ही नेता का?

आम्ही ट्रंक ओढून बाहेर काढली. वर्तमानपत्रांत गुंडाळलेले गठ्ठे, प्रत्येकावर सरांच्या अक्षरात वर्ष. एका चित्रात वाड्याचं मागचं दार आहे, सकाळचं ऊन, आणि दारातून सूप घेऊन बाहेर पडणारी एक बाई. चेहरा नाही, दोन फटकाऱ्यांची लुगड्याची निळी घडी, बस. मी बराच वेळ बघत बसलो. कडेला वाळवी लागायला सुरुवात झालीय, अंगठ्याएवढा कोपरा गेलाय.

पुढची मीटिंग गुरुवारी आहे, विषयपत्रिकेवर पहिला विषय खांबांचं पॉलिश. मी ट्रंक रिक्षात घालून घेऊन जाणार आहे.